ओल येते कुठून?

‘जुनं घर म्हटलं की ओल आलीच,’ हे बेंगळुरूच्या बसवनगुडी-मल्लेश्वरममध्ये हमखास ऐकू येतं. मला ते पटत नाही. १८९८ च्या प्लेगनंतर वसलेल्या या वस्त्यांतली जुनी घरं विटा-चुन्याची. चुन्याची भिंत ओलावा घेते तसा सोडतेही. उरलेला दमटपणा झरोक्यांतून जायचा. आपण झरोके बुजवले, चुन्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, त्यावर प्लॅस्टिक पेंट. आत शिरलेल्या पाण्याला परतीची वाटच ठेवली नाही.

मावशीच्या घरी कपाटातल्या साड्यांना कुबट वास येऊ लागला, मागच्या खोलीच्या भिंतीला लोणा लागला. रंगवाल्याने वॉटरप्रूफ रंग सुचवला, दुकानदाराने डिह्युमिडिफायर. पाणी येतं कुठून, हे दोघांनीही विचारलं नाही.

ते शोधायला फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा पुरतो. चारही कडा चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवा, दोन दिवस थांबा. प्लॅस्टिकच्या मागे थेंब जमले तर पाणी भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेत.

हवेतलं पाणी बहुधा आपलंच असतं. गॅस जळताना वाफ होते, हे कुणाच्या ध्यानात नसतं: १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत जवळजवळ २२ लिटर पाणी हवेत सोडतो! भाताची वाफ, अंघोळ, पावसाळ्यात घरातच वाळत घातलेले कपडे वेगळेच. त्यात बेंगळुरूच्या गार रात्री. २५ अंशांच्या हवेतली ६० टक्के आर्द्रता २० अंशांवर ८० टक्के होते, एक थेंबही न वाढता. म्हणून बुरशी आधी धरते ती कपाटामागच्या गार कोपऱ्यात. तिथे कपाट चार बोटं पुढे ओढणं आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा, एवढ्यावर बरंच भागतं.

भिंतीतल्या पाण्याचा माग डागाच्या उंचीवरून लागतो. वरून उतरणारा डाग गच्चीचा किंवा पाइपचा. जोत्यापासून कमरेपर्यंत चढलेला, वरची कड पांढुरक्या क्षारांची, तो जमिनीतून आलेला. अशा वेळी इथे पहिला संशयित अंगणातला संप, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी. रात्री पाणी येण्याचा आणि पंपाचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून पातळीवर खूण करायची, सकाळी पाहायची.

मावशीच्या संपातलं पाणी सकाळी दोन बोटं उतरलेलं होतं. संप दुरुस्त झाला, भिंतीच्या खालच्या भागातलं सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावला. भिंत अजून सुकते आहे. त्याला महिनोन्‌महिने लागतात. तोवर कुणी कितीही आग्रह केला तरी रंग लावू नका.