पोळ्याचा बोजारा

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी दारव्हा तालुक्यातल्या एका गोठ्यात खांदशेकणी चालली होती. जू बसून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला गडी तूप-हळद चोळत होता, पळसाच्या पानानं शेकत होता. उद्याच्या जेवणाचं आवतन त्यानंच बैलाच्या कानात सांगितलं. त्याला मात्र कुणी आवतन देत नाही. त्याचं ताट धरलेलंच असतं.

सालगड्याचं साल गुढीपाडव्याला लागतं. पैसे, धान्य, उचल सगळं तेव्हाच ठरतं. काही घरी पोळ्याचे कपडेही बोलीतच येतात. बोलीत न बसणारी गोष्ट एकच, बोजारा.

दुसऱ्या दिवशी मानेवर जू नाही. नाल्यावर आंघोळ, शिंगांना रंग, नवी वेसण, नवा कासरा, पाठीवर झूल. दुपारनंतर तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या, पोळ्याची गाणी, म्हणजे झडत्या, रंगल्या. त्यांत कापसाच्या भावावरून सरकारची टर उडाली तेव्हा मालक आणि गडी एकत्रच हसले. तोरण तुटलं, पोळा फुटला. मारुतीचं दर्शन झालं की गडी जोडी घेऊन घरोघर निघतो. बाई बैलांचे पाय धुते, कुंकू लावते, पुरणपोळी चारते आणि गड्याच्या हातावर नोट ठेवते. तोच बोजारा. दहाची, वीसची, एखाद्या दारी पन्नासची. गडी ती न बघता खिशात घालतो. मागायचं नाही, मोजायचं नाही, ही रीत मला फार भावली.

हा सण येतो तेव्हा कापूस अजून झाडावर असतो. वेचणीला अवकाश, मालकाचाच हात तंग. गड्याचं धोतर किंवा पँट-शर्ट कित्येकदा दुकानातून उधार येतं. बोजारा म्हणजे गड्याचा बोनसच. पण १९६५च्या कायद्यानं २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना बोनस बंधनकारक केला, पुढे तो वर्षाच्या पगाराच्या किमान ८.३३ टक्के, म्हणजे साधारण महिन्याच्या पगाराएवढा, झाला. शेतातला गडी त्या हिशेबात आलाच नाही. त्याचा बोनस गावाच्या रीतीवर चालत आला.

आणि ती रीत बैलाला बांधलेली आहे. ट्रॅक्टर आले, जोड्या विकल्या गेल्या. जोडी नसलेला एक गडी पारावर बसून पोळा बघत होता. म्हणाला, "बैल इकला त माहा बोजाराबी गेला, बाप्पा."

ज्यांच्या गोठ्यात आता बैल नाही, त्यांनी पोळ्याला गड्याला घरी बोलवावं, कपडे करावे आणि बोजारा द्यावा. शेत अजून तोच राखतो आहे.