व्हॉल्व्हचे जुने मशीन : भंगार नव्हे, रोजीचे साधन

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की वाटेत सणसर लागते. शेजारी भवानीनगरला छत्रपती सहकारी साखर कारखाना आणि सभोवार उसाची शेती. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम या गावी असतो. लग्नसराई, उरूस, जलसा, सभा, मशिदीतील अजान आणि मंदिरातील भजन, या सर्वांना भोंगा लागतो. भोंगा म्हटला की मशीन आले आणि मशीन आले की ते बिघडणेही आले. अशा गावांतून रेडिओ व लाऊडस्पीकर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींची एक पिढी होऊन गेली. त्यात आपल्या समाजाचे कारागीर पुष्कळ होते. ट्रान्झिस्टर आला, पुढे आयसी आली, आणि व्हॉल्व्हची मशीने माळ्यावर गेली. तेथून ती आता किलोच्या भावाने भंगारात जात आहेत.

आमचे म्हणणे असे की, ही मशीने तोडण्याआधी आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी थोडा विचार करावा. आज व्हॉल्व्हच्या मशीनला जगभर गिऱ्हाईक आहे. ते आहे गिटार वाजविणाऱ्यांचे.

गिटार आणि भोंगा यांचे नाते

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लागला. त्याआधी ध्वनिवर्धक म्हणजे व्हॉल्व्हच. रेडिओ, सिनेमा, सभा आणि वाद्ये सर्व त्यावरच चालत. पुढे इतर सर्वांनी व्हॉल्व्ह सोडला, गिटारवाल्यांनी मात्र सोडला नाही. व्हॉल्व्हवर भार वाढत गेला की आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू जाड आणि भरीव होतो. वादकांना नेमका तोच आवाज हवा असतो.

लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात १९६२ साली जे गाजलेले मशीन तयार झाले, ते अमेरिकेच्या फेंडर कंपनीच्या ‘बेसमन’ मशीनच्या सर्किटवर आधारलेले होते. इंग्लंडच्या ‘व्हॉक्स एसी ३०’ मध्ये चार ईएल ८४ व्हॉल्व्ह असतात. हाच ईएल ८४ आपल्याकडच्या मोठ्या घरगुती रेडिओतही असे. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळुरात १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनविण्यास सुरुवात केली, त्यामुळे देशी मालही बाजारात होता. थोडक्यात, ज्या मिस्त्रीला भोंग्याचे व्हॉल्व्ह मशीन समजते, त्याला पुण्या-मुंबईच्या वादकाचे गिटार मशीनही समजते. गिटारच्या मशीनमध्ये टोनचे कंट्रोल, घुमाऱ्यासाठी स्प्रिंगची पेटी आणि आत बसविलेला स्पीकर एवढे वेगळे असते. बाकी पॉवर सप्लाय, पहिला टप्पा, आउटपुट टप्पा आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर तेच.

आधी जिवाची काळजी

व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये ३०० ते ४५० व्होल्टचा डीसी असतो. मेन लीड काढली तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये हा करंट साठून राहतो आणि तो जीव घेऊ शकतो. म्हणून मशीन बंद केल्यावर ५ वॅटचा काही किलोओहमचा रेझिस्टन्स चांगल्या इन्सुलेशनच्या वायरला जोडून कंडेन्सर चॅसिसवर रिकामा करावा आणि मीटर लावून १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करून घ्यावी. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची सवय मोडावी. चालू मशीनमध्ये मोजमाप करताना एक हात खिशात ठेवावा, म्हणजे करंट छातीतून जाण्याची वाट बंद होते.

बाहेरून आलेले मशीन असेल तर लीड लावण्यापूर्वी व्होल्टेज पाहावे. अमेरिकेचे मशीन साधारण १२० व्होल्टचे असते, ते आपल्या २३० व्होल्टवर लावले की जळालेच. अशा कित्येक जुन्या मशीनना दोनच तारांची लीड असते आणि मेनपासून चॅसिसवर एक कंडेन्सर दिलेला असतो. तो शॉर्ट झाला तर गिटारच्या तारेत मेनचा करंट येतो. हा कंडेन्सर काढून टाकावा आणि तीन तारांची लीड लावून चॅसिसला पक्का अर्थ द्यावा. गिऱ्हाईकाने सांगितले नसले तरी हे काम करावेच.

सिरीज बोर्ड हा पहिला उस्ताद

समजा, सणसरच्या एखाद्या दुकानात वीस वर्षे बंद पडलेले मशीन आले. ते थेट मेनवर लावू नये. आपल्याकडे मोटर रिवाइंडिंगच्या प्रत्येक दुकानात सिरीज बोर्ड असतो, तोच वापरावा. त्यात १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब हवा, एलईडी चालत नाही. मशीन सुरू करताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. सारखा प्रखर जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. मग मशीन बंद करून, कंडेन्सर रिकामे करून, रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून पुन्हा पाहावे. आता बल्ब मंद झाला तर दोष रेक्टिफायरमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. तरीही प्रखर राहिला तर मेन ट्रान्सफॉर्मर किंवा हिटरच्या लाइनमध्ये आहे. या एका तपासणीने अर्धे काम होते.

दोष कसा ओळखावा

आवाजच नाही : फ्यूज, हिटरचा उजेड आणि प्लेटचे व्होल्टेज या क्रमाने पाहावे. आउटपुट व्हॉल्व्हच्या प्लेटवर व्होल्टेज नाही, पण स्क्रीनवर आहे आणि स्क्रीनची जाळी लाल होते, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा प्रायमरी तुटलेला आहे.

हमिंग : व्हॉल्यूम कमी केला तरी जाड हमिंग तसेच राहते तर बहुधा फिल्टर कंडेन्सर वाळले आहेत. आपली लाइन ५० सायकलची, रेक्टिफायरनंतर ती १०० होते, म्हणून हे हमिंग थोडे वरच्या स्वरात असते. खालच्या, ५० सायकलच्या स्वरात असेल तर हिटरची वायर, अर्थ किंवा एखादा व्हॉल्व्ह संशयित धरावा. नवे कंडेन्सर बसविताना ‘मोठा तो चांगला’ असे समजू नये. रेक्टिफायरनंतरच्या पहिल्या कंडेन्सरला मर्यादा असते. जीझेड ३४ ला ६० मायक्रोफॅरड, ईझेड ८१ ला ५०. त्यापुढे गेल्यास रेक्टिफायर व्हॉल्व्ह ठिणग्या टाकून मरतो.

आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लाल होणे : मशीन ताबडतोब बंद करावे. मग ग्रीडचे व्होल्टेज मोजावे. ते शून्य किंवा, बायस वेगळा दिलेला असेल तर, उणे असावे. अधिक दाखवीत असेल तर मशीन बंद करून, कंडेन्सर रिकामे करून तो व्हॉल्व्ह काढावा आणि थोडाच वेळ सुरू करून रिकाम्या सॉकेटवर पुन्हा मोजावे. व्होल्टेज कायम राहिले तर मागच्या टप्प्याकडून येणारा कपलिंग कंडेन्सर गळतो आहे. नाहीसे झाले तर व्हॉल्व्हच खराब आहे. कित्येकदा महागडा व्हॉल्व्ह बदलला जातो, नवाही जळतो, आणि खरा दोषी असतो तो छोटा कागदी कंडेन्सर.

नवा व्हॉल्व्ह बसवून मशीन देण्यापूर्वी हिशेब करावा. ईएल ८४ ची प्लेट १२ वॅटपर्यंत सोसते. त्याच्या कॅथोडला १३५ ओहमचा रेझिस्टन्स असून त्यावर ७.२ व्होल्ट मिळाले, तर करंट सुमारे ५३ मिलिअँपिअर झाला. त्यातले पाचेक स्क्रीनचे वजा केले की प्लेटचे ४८ राहतात. प्लेट व कॅथोडमध्ये २५० व्होल्ट असतील तर बरोबर १२ वॅट झाले, म्हणजे मशीन मर्यादेवर आहे. हिटरचे ६.३ व्होल्टही मोजावे. ग्रामीण लाइनवर रात्री पंप बंद झाले की व्होल्टेज चढते आणि हिटरचे आयुष्य घटते. ट्रान्सफॉर्मरला २२० आणि २४० असे दोन टॅप असतील तर २४० चा वापरावा.

खरखर : कंट्रोल फिरविताना खरखर आली तर कंट्रोल साफ करावा. व्हॉल्व्ह हलविला की आवाज येतो तर सॉकेटच्या पकडी गंजल्या आहेत. पेन्सिलने हलके टिचकी मारल्यावर घंटेसारखा आवाज आला तर तो व्हॉल्व्ह पहिल्या टप्प्यातून काढावा. डाग देताना राळेचीच सोल्डर घ्यावी. पत्र्याच्या कामाचे ॲसिड येथे चालत नाही, ते पुढे वायर खाते.

आणि एक नियम दुकानात लिहून ठेवावा : स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचे मशीन वाजवू नये. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळते आणि इन्सुलेशन फुटते.

रिवाइंडिंगवाल्यांसाठी संधी

उसाच्या पट्ट्यात पाण्याच्या मोटरी भरणारे हात भरपूर आहेत. आउटपुट ट्रान्सफॉर्मर हे त्यांच्याच हाताचे काम आहे, फक्त पद्धत वेगळी. उकलताना वेढे मोजावेत, तारेचा गेज लिहावा आणि थरांचा क्रम कागदावर काढावा. यात प्रायमरीच्या थरांमध्ये सेकंडरीचे थर घातलेले असतात. तो क्रम मोडून सरळ भरले तर मशीन चालेल, पण वरचा आवाज दबेल. दोन आउटपुट व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात त्या मशीनच्या पत्र्या एकमेकींत गुंफून भरायच्या. एकाच व्हॉल्व्हच्या मशीनला मात्र पत्र्या एका बाजूने भरून मध्ये कागदाची फट ठेवायची. ही फट विसरली तर पत्रा डीसीने भरून जातो आणि आवाज बसतो. हे काम नेटके करणारा माणूस पुण्या-मुंबईलाही सहज सापडत नाही.

व्यवहार आणि अमानत

गिऱ्हाईकाला मशीनच्या आतले काही दिसत नाही. म्हणूनच या धंद्यात इमानाची कसोटी मोठी आहे. वादकाच्या दृष्टीने जुने ट्रान्सफॉर्मर व व्हॉल्व्ह मोलाचे असतात. ते काढून दुसरे घालणे ही सरळ खयानत आहे. कुरआनातील सूरह मुतफ्फिफीन माप-तोलात कमी देणाऱ्यांना कडक इशारा देते. वापरलेला व्हॉल्व्ह नवा म्हणून विकणे हेही कमी मापच. काढलेले सर्व भाग पिशवीत घालून परत द्यावेत. कोठे किती व्होल्ट मिळाले ते बिलावर लिहावे. कामाचा अंदाज आधी सांगावा आणि खर्च वाढणार असेल तर विचारून वाढवावा. एक वादक समाधानी झाला तर तो आणखी वादक घेऊन येतो.

भंगाराच्या व्यापारात असलेल्या बंधूंनाही आमची विनंती आहे. व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा मशीन आले तर तांब्यासाठी हातोडा घालू नका. व्हॉल्व्ह, सॉकेट, ट्रान्सफॉर्मर वेगळे काढून ठेवा आणि दुरुस्तीवाल्याला विका. किलोपेक्षा नगाचा भाव नेहमीच बरा येतो. नवे व्हॉल्व्ह आजही स्लोव्हाकिया, रशिया व चीनमध्ये बनतात, परंतु जुन्या चांगल्या व्हॉल्व्हला मागणी राहतेच.

मिरजेच्या सतारमेकर घराण्यांकडे पाहावे. पिढ्यानपिढ्या त्यांनी सतार व तानपुऱ्याचे काम सोडले नाही आणि २०२४ साली मिरजेच्या या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. हात टिकला म्हणून मान मिळाला. व्हॉल्व्हचे काम जाणणारे उस्ताद आता वयस्क झाले आहेत. सणसर, बारामती, इंदापूर, जेथे कोठे असा उस्ताद असेल, तेथे त्याच्या शेजारी एखादा होतकरू तरुण बसवावा. मीटर आणि सिरीज बोर्ड दुकानात आहेतच. कमी आहे ती शिकणाऱ्याची. ही विद्या उस्तादांबरोबर कबरीत गेली तर ती परत विकत मिळणार नाही. आज शागीर्द तयार झाला तर त्यात इन्शाअल्लाह हलाल रोजीही आहे आणि बरकतही.