शाळा हाती आल्या, शहर नाही
पॉल व्हॅलस मूळचे शिकागोचे अर्थसंकल्प संचालक. १९९५ मध्ये महापौर रिचर्ड डेली यांनी शहरातल्या शाळांचा कारभार त्यांच्यावर सोपवला. तिसरी, सहावी, आठवीची मुलं आपोआप वर ढकलणं त्यांनी थांबवलं. चाचणीत मागे पडलेल्यांना भर सुट्टीत उन्हाळी वर्गात बसावं लागे. पुन्हा नापास झालं की तोच वर्ग. मला हे फार कठोर वाटतं, शाळेच्या उणिवांची किंमत पोरांनी मोजली. पुढे फिलाडेल्फिया, कॅटरिना वादळानंतरचं न्यू ऑर्लिन्स, ब्रिजपोर्ट इथल्या शाळाही त्यांनी सांभाळल्या. २००२ मध्ये इलिनॉयच्या गव्हर्नरपदाची डेमोक्रॅटिक उमेदवारी थोडक्यात हुकली. २०२३ च्या शिकागो महापौर निवडणुकीत पहिल्या फेरीत ते सुमारे ३३ टक्के मतांनी आघाडीवर होते. दुसऱ्या फेरीत त्यांना हरवलं ब्रँडन जॉन्सन यांनी, शिकागोच्याच शाळांतल्या माजी शिक्षकानं.