सर्वाधिक डाउनलोड झालेलं गाणं सर्वाधिक ऐकलं जातं का?

समजा, तुमच्या सिनॉप्सिसमधला प्रश्न असा आहे: अमेरिकेत २०२१ साली लोकांना कोणतं पॉप गाणं सगळ्यात जास्त आवडलं? सोपं वाटतं. वर्षभरातल्या डाउनलोडची यादी काढायची, पहिलं नाव उचलायचं, झालं काम. ते नाव आहे ‘बटर’, बीटीएस या कोरियन ग्रुपचं. सुमारे १८.९ लाख डाउनलोड. दुसऱ्या क्रमांकावर वॉकर हेजचं ‘फॅन्सी लाइक’, साधारण ५ लाख. म्हणजे पहिलं गाणं दुसऱ्याच्या जवळजवळ चौपट!

आता त्याच वर्षाची बिलबोर्ड हॉट १०० ची वार्षिक यादी उघडा. तिच्यात स्ट्रीमिंग, रेडिओ आणि विक्री असं तिन्ही धरतात. इथे पहिलं आहे दुआ लिपाचं ‘लेव्हिटेटिंग’, जे एकाही आठवड्यात पहिल्या क्रमांकावर पोचलं नव्हतं. ‘बटर’ तब्बल १० आठवडे तिथे होतं, तरी वर्षाच्या यादीत ते पहिल्या दहातही नाही.

मग खोटी यादी कोणती? कोणतीच नाही. दोन्ही याद्या वेगवेगळी गोष्ट मोजतायत, आणि तुमचा प्रश्न तिसऱ्याच गोष्टीबद्दल आहे. व्हायवात परीक्षक नेमकं इथेच पकडतात.

डाउनलोड म्हणजे गाण्याची फाइल विकत घेणं. आयट्यून्सचं दुकान २००३ मध्ये उघडलं तेव्हा एका गाण्याला ९९ सेंट पडायचे. त्या काळात ज्याला गाणं आवडलं तो ते विकत घ्यायचा, त्यामुळे खरेदीवरून आवडीचा अंदाज बांधणं बऱ्यापैकी चालून जायचं. २०१२ मध्ये अमेरिकेत वर्षभरात सुमारे १३४ कोटी गाणी डाउनलोड झाली. गोत्येचं ‘समबडी दॅट आय यूज्ड टू नो’ ६८ लाखांवर, त्याच्या मागोमाग कार्ली रे जेप्सनचं ‘कॉल मी मेबी’ ६५ लाखांवर. पहिल्या दोघांत फरक किती कमी आहे बघा, आणि ‘बटर’चं ते चौपट पुन्हा आठवा.

मधल्या काळात सर्वसाधारण श्रोता स्ट्रीमिंगकडे गेला. विकत घेणारे उरले ते मुख्यतः कट्टर चाहते. ‘बटर’चे रिमिक्स एकामागून एक आले, प्रत्येकाची खरेदी वेगळी, आणि चाहत्यांनी ठरवून खरेदी केली. (यात काही गैर आहे असं मला वाटत नाही, पैसे त्यांचे, हौस त्यांची.) पण आकड्याचा अर्थ बदलला. आधी तो ‘किती जणांना आवडलं’ याच्या जवळ होता, आता तो ‘किती जण किती जीव लावतात’ याच्या जवळ आहे.

सायन्सवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. आपण स्पेक्ट्रोफोटोमीटरवर अॅब्सॉर्बन्स मोजतो आणि वहीत कॉन्सन्ट्रेशन लिहितो. द्रावण पातळ असेपर्यंत ग्राफ सरळ रेषेत जातो, दाट झालं की वाकतो. मशीन तेव्हाही आकडा देतंच! रीडिंग खरं असतं, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. मेथडॉलॉजीच्या पेपरमध्ये ‘व्हॅलिडिटी’ म्हणून जे पाठ करतो, ते हेच.

म्हणून डाउनलोडचा डेटा टाकाऊ ठरत नाही. तुमचा प्रश्न ‘चाहते संघटितपणे काय घडवू शकतात?’ असा असेल, तर हाच कॉलम सोन्यासारखा आहे आणि एकूण स्ट्रीमिंगचा आकडा फारसा कामाचा नाही. आधी प्रश्न, मग कॉलम. आपल्याकडे बऱ्याचदा उलटं होतं, कारण एक्सेल फाइल आधी हाताला लागते.

आणखी एक. २०२२ च्या सुरुवातीला बिलबोर्डने नियम बदलला: एका ग्राहकाने एका आठवड्यात तेच गाणं अनेकदा घेतलं तरी चार्टसाठी एकच खरेदी धरायची. म्हणजे मोजपट्टीच बदलली. चार्टवरची २०२१ आणि २०२२ ची विक्री ग्राफवर एका रेषेने जोडणार असाल, तर मध्ये एक उभी तुटक रेघ काढा आणि ती का काढली ते खाली लिहा.