बोल्ट देशी, नेम पक्का!

ऑफिसात कुणी ‘मी एनफिल्ड घेतोय’ म्हटलं की पूर्वी पहिला प्रश्न यायचा, ‘साडेतीनशे का पाचशे?’ पण एनफिल्ड हे नाव मुळात बाइकचं नाही, बंदुकीच्या कारखान्याचं आहे! इंग्लंडमधल्या एनफिल्ड गावात सरकारी रायफल फॅक्टरी होती. तिला सुटे भाग पुरवणाऱ्या सायकल कंपनीने तेच नाव उचललं आणि पुढे ‘मेड लाइक अ गन’ ही टॅगलाइनही लावली. तर मंडळी, आजची आपली एनफिल्ड दोन चाकांची नाही. लाकडी दस्त्याची, हाताने बोल्ट मागेपुढे करायची, .315 बोअरची देशी रायफल!

आता वांगणीत राहून रोज कर्जत लोकल पकडणाऱ्याचा हिच्याशी काय संबंध? बराच आहे. बदलापूरच्या पुढचं स्टेशन अंबरनाथ, आणि तिथली ‘ऑर्डनन्स’ सगळ्यांना माहीत. रायफल तिथे बनत नाही. पण काडतुसांना लागणारं पितळ हे त्या फॅक्टरीचं जुनं काम. .315ची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीची आणि रायफल पश्चिम बंगालमधल्या ईशापूरची. 2021 मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यामुळे पाट्या बदलल्या. पण गावं तीच राहिली.

.315च का?

ब्रिटिशांच्या काळात लष्कराची रायफल होती .303. तीच काडतुसं लोकांच्या हाती पडली तर पंचाईत, म्हणून सामान्य माणसाला तो बोअर बंद! मग शिकारी आणि शेतकऱ्यांसाठी .315 आली. यंत्रणा ली-एनफिल्डच्या घराण्यातली, काडतूस मात्र ऑस्ट्रियन वंशाचं, आठ मिलिमीटरचं. इंग्रज गेले, रायफल राहिली. परदेशी रायफलींच्या किमती बघितल्यावर हीच काय ती खिशाला झेपणारी वाटते. दिसायला साधी, वजनाला भारी आणि बोल्ट थोडा खरखरीत.

म्हणूनच हातात आली की पहिला विचार येतो, हिला जरा ‘मॉडिफाय’ करू या. बाइकचा सायलेन्सर बदलतो तसं!

थांबा बॉस, इथे कायदा आहे

शस्त्र कायदा 1959चा आहे. वय किमान 21 हवं आणि परवाना हवा. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत अर्ज आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. कारण द्यावं लागतं, म्हणजे स्वसंरक्षण, खेळ किंवा पीक संरक्षण. ‘आवडते म्हणून’ हे कारण चालत नाही. शिकारीचं नाव तर काढूच नका, 1972च्या वन्यजीव कायद्याने तो विषय संपलाय. 2019च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली. काडतुसं किती घ्यायची, तेही परवान्यावर लिहिलेलं असतं. निवडणूक आली की अनेकांना रायफल पोलीस ठाण्यात जमा करावी लागते.

आणि मॉडिफिकेशन? रायफलची दुरुस्ती किंवा फेरफार हे परवानाधारक बंदूक कारागिराचं काम. कुणी ओळखीच्या लेथवाल्याकडून नळी कापून आणली, तर तो थेट गुन्हा. दुर्बीण बसवायला भोकं पाडायची असोत, चाप हलका करायचा असो की दस्त्यात नळी नीट बसवायची असो, परवाना असलेल्या दुकानातच जायचं. पावती जपून ठेवायची.

मग आपल्या हातात काय उरलं?

उरलं ते सगळ्यात कामाचं.

एक, सफाई : बोल्ट अ‍ॅक्शनचा मोठा फायदा म्हणजे बोल्ट पूर्ण बाहेर निघतो. आधी चेंबर आणि मॅगझिन रिकामं आहे हे डोळ्याने बघा, बोट घालूनही बघा. मग सफाईची सळई मागच्या बाजूने घाला. तोंडाकडून घासत राहिलात तर नळीची कड झिजते आणि नेम बिघडतो. महागडी दुर्बीणही तो परत आणत नाही.

दोन, पावसाळा : वांगणीचा पाऊस तुम्हाला माहितीये. लाकडी दस्ता ओल धरतो, फुगतो आणि नळीवर दाब देतो. मार्चमध्ये मधोमध बसणारी गोळी ऑगस्टमध्ये बाजूला जाते, आणि आपण बोल लावतो रायफलला! कॅनव्हासच्या कव्हरमध्ये गुंडाळून ठेवू नका, ओल आतच राहते. तेलाचा हलका हात आणि कोरडं कपाट एवढं पुरे.

तीन, कुलूप : रायफल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. बोल्ट काढून वेगळा. वन बीएचकेमध्ये भाचरं सुट्टीला येतात, रूममेटचे मित्र येतात. ‘रिकामी आहे रे’ म्हणून दाखवायला काढलेली बंदूकच घात करते. ही एक गोष्ट जमणार नसेल, तर घेऊच नका.

चार, तुम्ही स्वतः : श्वास अर्धा सोडून थांबवणं, चाप न झटकता दाबणं, गाल दरवेळी दस्त्याच्या त्याच जागी टेकवणं. याला खर्च शून्य, पण वेळ लागतो. देशी रायफलमधून जेवढा अचूकपणा निघू शकतो, तेवढाही आपल्यापैकी बहुतेकांना काढता येत नाही. अपग्रेडची गरज रायफलच्या आधी आपल्याला असते!

टीसीचा नेम

पटत नसेल तर कोल्हापूरकडे बघा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, नोकरी मध्य रेल्वेत, ऑलिंपिकला गेला तेव्हा तिकीट तपासनीसाची. म्हणजे ज्या रेल्वेचा पास आपण काढतो, तिचाच माणूस! 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनला त्याने 451.4 गुणांसह ब्राँझ मिळवलं. या प्रकारातली .22 रायफलही बोल्ट अ‍ॅक्शनच, एका वेळी एकच गोळी. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं! त्याच्या आधी 2010 मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जागतिक सुवर्ण आणलं होतं.

त्यांच्या रायफली महागड्या असतात, खरंय. पण सुरुवात तिथून होत नाही. .177 बोअरच्या, 20 ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही आणि बेसिक तंत्र तेच. दादरला उतरून शिवाजी पार्कच्या सावरकर स्मारकात जा. नाहीतर पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. क्लबची रायफल वापरा, सहा महिने नियमित जा. तोवर हौस टिकली तर परवान्याच्या अर्जात ‘खेळ’ हे कारण खरं ठरेल. नाही टिकली तर लाखभराची वस्तू कपाटात गंजण्यापासून वाचली.

आणखी एक गोष्ट. वांगणीत दृष्टिहीनांची बरीच कुटुंबं राहतात, गावाला त्यांची सवय आहे. नेमबाजीत दृष्टिहीनांसाठीही एअर रायफलचा प्रकार आहे. कानाला हेडफोन लावायचा, नळी मध्याजवळ सरकली की आवाज बारीक आणि उंच होत जातो, त्यावरून नेम धरायचा. खांदा स्थिर, श्वास थांबलेला, बोट शांत. न बघता जर दहाच्या वर्तुळात गोळी बसू शकते, तर आपल्या जुन्या .315ला दोष देण्याआधी एकदा आपलाच चाप तपासायला काय हरकत आहे?