दार ठोठावणारी तोफ

वाशिमकर प्रवाशाने अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, रणगाडा संग्रहालयात कधी पाऊल टाकलेच, तर तेथील ‘मटिल्डा’ या ब्रिटिश रणगाड्यासमोर त्याने घटकाभर उभे राहावे. कारण त्याच्या दर्शनी अंगाचे सुमारे ७८ मिलिमीटर जाडीचे पोलाद एका अख्ख्या शस्त्रवर्गाच्या मानभंगास कारणीभूत झाले.

१९३० नंतरच्या दशकात रणगाड्यांची कवचे बहुधा १५ मिलिमीटरच्या आसपास असत, आणि तेवढ्यास जर्मनीची ३७ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ, जी चारदोन गडी हातांनी ढकलत नेऊन झुडपाआड दडवू शकत, पुरेशी होती; स्पेनच्या यादवी युद्धात तिने तसा लौकिकही मिळविला. अशा तोफेचे सामर्थ्य स्फोटात नसून वेगात असते : गोळ्याचा वेग दुप्पट झाला की त्याची गतिज ऊर्जा चौपट होते. परंतु हलकी तोफ हा वेग आणि गोळ्याचे वजन काही मर्यादेपलीकडे पेलू शकत नाही.

२१ मे १९४० रोजी फ्रान्समधील आरास येथे या जर्मन तोफेचे गोळे मटिल्डावरून निसटून गेले, आणि अखेर जर्मनांना ८८ मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफांकडे धाव घ्यावी लागली. जर्मन शिपायांनीच मग आपल्या तोफेस ‘दार ठोठावणारी’ म्हटले. विनोद कडवट, पण अचूक!

इंग्रजांची ‘टू-पाउंडर’ ही रणगाडाविरोधी तोफ किंचित सरस होती. डंकर्कहून घ्याव्या लागलेल्या माघारीनंतर मात्र नव्या ‘सिक्स-पाउंडर’साठी कारखाने बदलण्यात तोफांची तूट येईल, या हिशेबाने सरकारने जुनीच तोफ घडविण्याची तजवीज केली, आणि तिचा भुर्दंड उत्तर आफ्रिकेतील तोफचींनी भरला.