जिथून घराण्याची आठवण सुरू होते

2 नोव्हेंबरला, ऑल सोल्स डेला, कॅथलिक कुटुंबे दफनभूमीत जातात. पावसाळ्यात माजलेले गवत उपटतात, कबरी धुतात, झेंडूची फुले वाहून मेणबत्त्या लावतात. अनेक मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत अशी भेट ईस्टरच्या पहाटे होते. बाहेरच्याला हे नाव बदललेले श्राद्ध वाटते, पण तसे म्हणणे अपुरे आहे. फ्रान्समधील क्लूनी मठाच्या ओदिलो यांनी हजार वर्षांपूर्वी ऑल सोल्स डे रूढ केला. वऱ्हाडात मात्र कबरीजवळच्या या आठवणीला खास वजन आले ते दुष्काळामुळे. श्राद्धात बाप, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्यांची नावे घ्यावी लागतात. आखाजीला पितरांची घागर भरायची तरी पितर माहीत असावे लागतात. 1899-1900च्या दुष्काळात आईबापांपासून तुटलेल्या लहानग्यांना ती नावे कुठून ठाऊक असणार? अमेरिकेतून आलेल्या अलायन्स मिशनने अकोला-खामगाव भागात अशा मुलांना अनाथालयांत सांभाळले. त्यांतून जी घराणी उभी राहिली, त्यांच्यासाठी पहिल्या पिढीची कबर हाच वंशावळीचा आरंभ आहे. त्यामागे काही सापडत नाही. म्हणून ती कबर राखणे हे त्या घराचे स्वतःचे ठिकाण राखणे आहे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप मंडळीच्या आतूनच येतो. सोळाव्या शतकातील सुधारकांनी मृतांसाठी प्रार्थना करणे नाकारले. मग प्रॉटेस्टंटांनी कबरीपाशी का जमावे? आक्षेप खरा आहे, पण तो मागणीला लागू पडतो, कृतज्ञतेला नाही. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय म्हणजे विश्वासू पूर्वजांची यादीच आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट कुटुंबेही उन्हाळ्याच्या तोंडावर एखाद्या रविवारी चर्चच्या दफनभूमीत जमतात, कबरी सजवतात, तिथेच एकत्र जेवतात. त्याला ते डेकोरेशन डे म्हणतात. मृतांसाठी काही न मागता पूर्वजांचा मान राखता येतो, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दाखवले आहे.

दुसरी अडचण जागेची. शहर वाढले, दफनभूमी तेवढीच राहिली, त्यामुळे जुन्या कबरी पुन्हा उघडाव्या लागतात. त्याला माझा विरोध नाही. एका घरातल्या माणसांनी एकाच मातीत विसावणे गैर नाही. मात्र नवा दगड बसवताना जुने नाव त्यावर कोरलेच पाहिजे. भारतातील युरोपीय कबरींच्या नोंदी ठेवायला 1976पासून लंडनमध्ये एक संस्था आहे. अनाथालयात वाढलेल्या वऱ्हाडी माणसाचे नाव टिकवायला त्याचे नातवंड आणि चर्चची दफन-नोंदवही, एवढेच आहे.